परतीचे कथानक आणि न परतलेला डॉक्टर

१

मुंबईच्या उपनगरांतील डॉक्टरांच्या दारावरची पाटी ही मराठी मध्यमवर्गाची एक अत्यंत संक्षिप्त संहिता आहे. आधी नाव, नावापुढे पदव्या, आणि पदव्यांपुढे कंसात शहरे: एम.बी.बी.एस. (मुंबई), एफ.आर.सी.एस. (एडिंबरो), एम.आर.सी.पी. (लंडन). गिरगाव-दादरच्या चाळींतून पार्ले, अंधेरी, बोरिवली आणि मध्य रेल्वेच्या बाजूने घाटकोपर, मुलुंड असा सरकत गेलेला वर्ग या कंसांचे वाचन बिनचूक करीत आला आहे. कंसातील शहर हे त्या डॉक्टरच्या आयुष्यातील काही वर्षांचे चिन्ह असते. त्या वर्षांत प्रत्यक्षात काय घडले याविषयी मात्र पाटी मौन पाळते. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, कितव्या अर्जानंतर काम मिळाले, हे तिच्यावर लिहिण्याची सोय नाही. शिवाय पाटी असते ती परतलेल्याची. जो परतला नाही त्याची पाटी त्या इमारतीत नसते. पदवीदानाच्या झग्यातला त्याचा फोटो आई-वडिलांच्या दिवाणखान्यात असतो.

पाटी आणि फोटो यांच्यामधील ही फट मराठी साहित्यातही जशीच्या तशी आढळते. परदेशी वैद्यकीय व्यवसायात शिरलेला, तेथेच राहिलेला मराठी डॉक्टर ही गेल्या साठ वर्षांतील एक ठळक सामाजिक वस्तुस्थिती आहे. परंतु ज्या संहितांची मराठीत चर्चा झाली, ज्या रंगभूमीवर टिकल्या किंवा अभ्यासक्रमांत गेल्या, त्यांत ही व्यक्ती बहुधा इतरांच्या बोलण्यातून येते: पत्र आले, फोन आला, यंदा जमणार नाही असे कळवले. ती काम करताना दिसत नाही. हा केवळ विषयाच्या निवडीचा प्रश्न असता तर त्याची दखल समाजशास्त्राने घेतली असती आणि समीक्षेला त्यात विशेष काही शोधावे लागले नसते. पण येथे प्रश्न कथनाच्या घडणीचा आहे. मराठीने परदेशगमनाला जे कथानक दिले ते परतीचे आहे. जाणे, शिकणे, परतणे. आणि परतणे न झाल्यास मागे राहिलेल्यांचे वाट पाहणे. व्यवसायात रुजणे ही क्रिया मात्र न परतण्याच्या काळातच घडते. त्यामुळे जे कथानक परतण्याने पूर्ण होते त्यात ती मावूच शकत नाही.

२

या कथानकाचा उगम शोधू गेल्यास आनंदीबाई जोशी यांच्यापर्यंत जावे लागते. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. होऊन त्याच वर्षी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. पण तेथे रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. प्रस्थानापूर्वी सेरामपूर येथे केलेल्या इंग्रजी भाषणात त्यांनी हिंदू म्हणून जाण्याची आणि हिंदू म्हणूनच परतण्याची ग्वाही दिली होती. म्हणजे जहाजात पाऊल ठेवण्याआधीच परतीचा करार श्रोत्यांशी झालेला होता. या करारानेच त्या गमनाला नैतिक मान्यता मिळवून दिली, आणि पुढील शतकभराच्या मराठी परदेशकथेवर याच कराराची मुद्रा उमटली.

तथापि मूळ सामग्री पाहिली तर करारापलीकडचे पुष्कळ काही तीत आहे. आनंदीबाईंची पत्रे, कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेले इंग्रजी चरित्र आणि काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले मराठी चरित्र यांतून एका विद्यार्थिनीचा परक्या व्यवसायातील प्रवेश तुकड्यातुकड्यांनी दिसतो. थंडीत नऊवारी पुरी पडेना तेव्हा साडी गुजराती पद्धतीने नेसण्याचा निर्णय, त्यासाठी पतीशी करावा लागलेला पत्रव्यवहार, आहाराची ओढाताण, अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्याशी जडलेले नाते, पदवीसाठी निवडलेला प्रबंधविषय. हा विषय प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा होता. या निवडीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अमेरिकन वैद्यकाच्या परीक्षकांसमोर ही विद्यार्थिनी आपल्या परंपरेतील शास्त्रग्रंथ पुरावा म्हणून मांडते. ज्ञान घ्यायला आलेली व्यक्ती काही ज्ञान सोबत घेऊन आल्याचे ठासून सांगते. व्यावसायिक समावेशाचा प्रश्न मराठी व्यक्तीपुरता येथे प्रथमच संहितेच्या पातळीवर उभा राहतो: प्रवेश मिळवताना सोबत काय न्यायचे आणि दारात काय ठेवायचे?

१९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीत श्री. ज. जोशी यांनी ही सामग्री मराठी वाचकापर्यंत समर्थपणे पोहोचवली, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण कादंबरीचे नावच तिचा दृष्टिबिंदू सांगते. तिचे गुरुत्वकेंद्र दांपत्य हे आहे, आणि त्यातही गोपाळराव. विक्षिप्त, हट्टी, ध्येयवेडा पती हे पात्र इतके प्रबळ होते की फिलाडेल्फिया ही त्याच्या जिद्दीची परीक्षाभूमी ठरते. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांवर परिश्रमपूर्वक काम करून या कादंबरीरूपाने घडवलेल्या प्रतिमेला जे आव्हान दिले त्याचा रोख स्त्रीवादी होता आणि तो योग्यच होता. त्याला एक पुरवणी जोडता येते. कादंबरीने स्त्रीचा आवाज क्षीण केला तसाच व्यवसायाचाही केला. शवविच्छेदनाचा वर्ग, सूतिकागृहातील रात्री, परीक्षेची भाषा यांना कथानकात स्वतंत्र वजन नाही; ती सारी परतीच्या वाटेवरील स्थानके आहेत. २०१९ चा चित्रपटही याच मळलेल्या वाटेने जातो.

रखमाबाईंच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट दिसते. दादाजी भिकाजी यांनी गुदरलेल्या दाव्यानंतर १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये पात्र डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. मराठी स्मृतीत मात्र त्या दाव्यातील वादी-प्रतिवादींपैकी एक म्हणून राहिल्या. लंडनमधील पाच वर्षे दोन प्रकरणांमधील कोऱ्या पानासारखी आहेत.

३

एकोणिसाव्या शतकातील ही माणसे परतली. १९६० नंतर गेलेली बहुसंख्य परतली नाहीत, आणि येथे कथानकाची दुसरी बाजू सुरू होते. ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५), नायर रुग्णालयाशी जोडलेले टोपीवाला महाविद्यालय (१९२१), के.ई.एम.चे सेठ जी. एस. महाविद्यालय (१९२६) आणि शीवचे लोकमान्य टिळक महाविद्यालय (१९६४) यांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपुढे त्या काळी दोन दारे उघडी होती. ब्रिटनमध्ये १९४८ ला स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला डॉक्टर अपुरे पडत होते आणि वसाहतकाळापासूनच्या व्यवस्थेमुळे भारतीय पदव्यांना तेथे मान्यता होती. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटा रद्द केला. ही दारे पुढे आक्रसली. १९७५ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली आणि परदेशी डॉक्टरांसाठी भाषा व वैद्यक यांची परीक्षा आली. अमेरिकेने १९७६ च्या कायद्याने तेच वेगळ्या मार्गाने केले. परंतु तोवर एक पिढी गेलेली होती.

मराठी रंगभूमीने या पिढीची दखल घेतली ती जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ मध्ये. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. अमेरिकेतला येत नाही आणि सैन्यातला मारला जातो. १९७० च्या दशकातील या नाटकाने मराठी प्रेक्षकाच्या मनात परदेशस्थ मुलाचे जे चित्र कोरले ते अद्याप पुसले गेलेले नाही. दळवी अनेक वर्षे मुंबईतील अमेरिकन माहिती कचेरीत नोकरीला होते. म्हणजे ज्या देशाचा परिचय करून देणे हे त्यांच्या कार्यालयाचे काम, त्याच देशाकडे त्यांच्या रंगमंचावरील दार उघडत नाही. हा दोष मानण्याचे कारण नाही. त्या नाटकाचे सामर्थ्यच बंदिस्त घरात आहे. बाख्तिनच्या कालावकाशाच्या कल्पनेचा आधार घेतला तर या प्रकारच्या कथनाचा कालावकाश म्हणजे उपनगरी सदनिकेचा दिवाणखाना आणि त्याला जोडलेली गॅलरी. तेथे काळ टपालाच्या वेळेने मोजला जातो आणि अवकाश दारावरच्या घंटेने. मुलगा या कालावकाशात केवळ अभाव म्हणून असू शकतो.

प्रश्न उद्भवतो तो हा अभाव नैतिक निवाड्यात बदलतो तेव्हा. न येणारा मुलगा कृतघ्न, डॉलरांना भुललेला, म्हाताऱ्यांना विसरलेला ठरतो. तो तेथे काय करीत आहे हे न पाहता दिलेला हा निवाडा आहे, आणि डॉक्टरांच्या बाबतीत त्यातून निसटते ते फार मोलाचे आहे. ब्रिटनमध्ये गेलेल्या दक्षिण आशियाई डॉक्टरांना प्रतिष्ठेच्या शाखांत वर चढता येत नसे. शल्यचिकित्सा, हृदयविकार, मोठ्या अध्यापन रुग्णालयांतील जागा येथे शिफारस आणि ओळख लागे. ज्या शाखांकडे स्थानिक पदवीधर पाठ फिरवत, तेथे जागा रिकाम्या राहत: मनोविकारचिकित्सा, औद्योगिक वस्त्यांतील आणि वेल्सच्या खाणपट्ट्यातील कुटुंबवैद्याचे काम, आणि मुख्यतः वार्धक्यचिकित्सा. वार्धक्यचिकित्सेचे वॉर्ड म्हणजे पुष्कळ ठिकाणी जुन्या वर्कहाऊसांचे, दरिद्री लोकांच्या सक्तीच्या आश्रयगृहांचे, वारसा म्हणून आलेले विभाग होते. मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना पुन्हा उभे करण्याचे जे काम सुरू केले त्यातून ही शाखा जन्मली. पण तिला मान मिळायला फार काळ लागला, आणि तो मिळेपर्यंत तिचा भार मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आलेल्या डॉक्टरांनी वाहिला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. मुलुंडच्या किंवा पार्ल्याच्या घरात वृद्ध आई-वडील डॉक्टर मुलाची वाट पाहत आहेत. आणि तो मुलगा लँकेशायरमधील एखाद्या जुन्या दगडी इमारतीत, ज्यांची मुले भेटायला येत नाहीत अशा इंग्रज वृद्धांच्या खाटांमधून फिरत आहे. एका भाषेतील नाटकाचा अभाव हाच दुसऱ्या देशातील वॉर्डाची उपस्थिती आहे. एवढा नाट्यमय व्यूह सामाजिक वास्तवाने तयार ठेवलेला असताना मराठी नाटकाने वा कादंबरीने तो उचलल्याचे ठळक उदाहरण नजरेसमोर येत नाही. त्याचे कारण प्रतिभेच्या उणिवेत शोधणे व्यर्थ आहे. दृष्टिबिंदू दिवाणखान्यात रोवलेला असताना वॉर्ड दिसणे शक्यच नव्हते.

४

मग वॉर्डातून मराठीत काही येत होते की नाही? येत होते: पत्रे. पण निळ्या हवाई पत्राची संहिता वाचण्याची एक पद्धत आहे. त्यात हवामान असते, मुलांची प्रगती असते, नव्या गाडीची बातमी असते. नाकारलेले अर्ज नसतात. ज्या कुटुंबाने कर्ज काढून किंवा दागिने मोडून मुलाला पाठवले त्याला अपयश कळवायचे नाही, हा अलिखित नियम होता. त्यामुळे यशाची जी कथा उपनगरांत पसरली ती खोटी नव्हती, पण निवडक होती. तीच पुढे विवाहविषयक जाहिरातींची आणि ज्ञातिसंमेलनांतील सत्कारांची भाषा झाली.

पत्रांतून गाळले गेलेले इतरत्र नोंदले गेले, आणि त्या नोंदींचे रूप समीक्षकाला विचार करायला लावणारे आहे. १९८८ मध्ये ब्रिटनच्या वंशसमता आयोगाने लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय विद्यालयाविषयी जो निष्कर्ष काढला त्यानुसार तेथील प्रवेशअर्जांची छाननी करणारा संगणकीय कार्यक्रम स्त्रिया आणि युरोपीय नसलेली नावे यांना खाली ढकलत होता. १९९३ मध्ये अनीझ इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी रुग्णालयांतील जागांसाठी समान पात्रतेचे अर्ज जोडीजोडीने पाठवले. फरक एवढाच की एक नाव इंग्रजी आणि दुसरे आशियाई. इंग्रजी नावांना मुलाखतीसाठी बोलावणे येण्याची शक्यता दुप्पट निघाली. विशेष म्हणजे खोटे अर्ज केल्याच्या संशयावरून अटक झाली ती प्रयोगकर्त्यांनाच. संहितामीमांसेच्या अभ्यासकाला याहून शुद्ध प्रयोग सापडणे कठीण. संपूर्ण मजकूर सारखा, बदलले फक्त कर्त्याचे नाव, आणि वाचन बदलले. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणाऱ्या सिद्धांताला येथे थोडे थांबावे लागते. अर्ज नावाच्या वाङ्मयप्रकारात लेखक मेलेला नसतो. आडनावातून तो ठळकपणे जिवंत असतो.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. वैद्यकाचे मुख्य कथन म्हणजे रुग्णवृत्त: काय होते, केव्हापासून, कसे. के.ई.एम. किंवा घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उमेदवारी केलेल्या डॉक्टरच्या कानावर दुखण्याची एक समृद्ध परिभाषा पडलेली असते. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. भगभग, शिणक, उसण, गळाठा हे शब्द निदानाच्या निम्म्या वाटेवर नेऊन सोडतात. ही परिभाषा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि तिची परीक्षाही होत नाही. स्थलांतरात सर्वप्रथम हरवते ती हीच. परक्या देशातील खाणकामगार आपल्या बोलीत दुखणे सांगतो तेव्हा इंग्रजीत पदवी घेतलेला हा डॉक्टर पुन्हा पहिलीत बसतो. फुकोने आधुनिक वैद्यकाच्या जन्माची मीमांसा करताना डॉक्टरच्या पाहणाऱ्या नजरेला केंद्रस्थान दिले. स्थलांतरित डॉक्टरच्या बाबतीत ती नजर दुहेरी होते. तो रुग्णाला पाहतो तेव्हा रुग्णही त्याचा वर्ण पाहत असतो आणि त्याच्या उच्चारांवरून त्याच्या ज्ञानाचा अंदाज बांधत असतो. १९९३ नंतरच्या मराठी समीक्षेत वसाहतोत्तर सिद्धांताच्या आगमनाबरोबर संकरता, दोहोंमधला अवकाश वगैरे संज्ञा मुबलक वापरात आल्या. पण या संज्ञांना आधार देणारे असे कानामात्रेचे तपशील क्वचितच तपासले गेले. देशीवादी भूमिकेने तर हा प्रदेश सोडूनच दिला. ज्याची भूमी सुटली त्याचे साहित्य मूळ धरत नाही, असे गृहीतक एकदा मान्य केले की रात्रपाळीत परक्या बोलीतील वेदना समजून घेणाऱ्या मराठी माणसाला साहित्यात जागा उरत नाही.

येथे एक उपकथा नोंदवण्यासारखी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींत वैद्यकीय ध्वनिलेखनाच्या कचेऱ्या निघाल्या. अमेरिकेतील डॉक्टरांनी दिवसभरात सांगितलेली रुग्णवृत्ते वेळेतील अंतरामुळे मुंबईत टंकित होत आणि त्यांची सकाळ होण्यापूर्वी परत जात. त्या आवाजांत भारतीय वंशाच्या डॉक्टरांचेही आवाज असत. उपनगरातील मुलगी कानाला यंत्र लावून समुद्रापलीकडील देशी उच्चार ऐकते आणि त्यातून एक परकी व्याधी लिहून काढते. दिवाणखान्यातील आई-वडिलांना जो आवाज कधी ऐकू आला नाही, म्हणजे मुलाचा कामातला आवाज, तो काही स्थानके पलीकडे अशा रीतीने दररोज पोहोचत होता. कोणत्याही मराठी कथेला हा योगायोग पुरेसा ठरला असता.

५

मराठीत डॉक्टरने स्वतः परदेशाविषयी बोलण्याची उदाहरणे नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. ती कोणत्या अटींवर आली हे पाहायला हवे. श्रीराम लागूंच्या ‘लमाण’ मध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञाचे परदेशातील प्रशिक्षण आणि टांझानियातील टबोरा येथील व्यवसाय येतो. पण या आत्मचरित्राचे सूत्र नट होणे हे आहे. १९६९ मध्ये वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर येण्याचा जो क्षण, त्याच्या प्रकाशात टबोरा ही लांबलेली प्रस्तावना बनते. अभय बंग यांच्या लेखनात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ येते ते गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. १९८६ मध्ये स्थापन झालेली ‘सर्च’ ही संस्था त्या शिक्षणाला अर्थ देते. दोन्ही ठिकाणी परतीचा करार पाळला गेला आहे आणि म्हणून परदेशाविषयी मराठीत बोलण्याचा अधिकार प्राप्त झाला आहे. महाडमध्ये राहूनच विंचूदंशावर संशोधन करून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये स्थान मिळवणाऱ्या हिंमतराव बावस्करांची कथा मराठी वाचकाला इतकी जवळची वाटते तीही याच कारणाने. तेथे जागतिक व्यवसायात प्रवेश मिळतो आणि गाव सुटत नाही.

अमेरिकेत राहून मराठीत लिहिणाऱ्यांचे दालन १९८० नंतर वाढले. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने आणि उत्तर अमेरिकेतील मराठी नियतकालिके यांनी त्याला वाचक दिला. पण या लेखनाचा प्रदेश बहुधा घर, मुले, सण आणि स्मरण हा राहिला. कामाची जागा इंग्रजीच्या ताब्यात गेली. मीना नेरूरकर यांचे ‘धन्य ती गायनॅक कला’ या दृष्टीने अपवाद ठरते. शीर्षकातील श्लेषच सांगतो की येथे स्त्रीरोगतज्ज्ञाचा तपासणीकक्ष मराठीत आला आहे तो विनोदाचा परवाना घेऊन. विनोदाला गांभीर्याने घ्यावयाचे तर असे म्हणावे लागते की अपमान, गैरसमज आणि परकेपण यांना मराठीत प्रवेश देण्याचे हे एकमेव सुरक्षित दार होते. हसत सांगितलेली गोष्ट आई-वडिलांना वाचायला देता येते.

गंभीर स्वरात ती का सांगता आली नाही, याचे एक उत्तर जातिवास्तवात शोधावे लागेल. दारात थांबवले जाणे, आडनाव विचारले जाणे, पात्रता असून जागा न मिळणे या अनुभवांसाठी मराठी भाषेत शब्दांची उणीव मुळीच नाही. १९८० च्या ‘उपरा’ पासून, आणि त्याच्या मागेपुढे प्रसिद्ध झालेल्या दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून, ती भाषा तळपत्या रूपात सिद्ध झालेली होती. पण लंडनमध्ये नाकारला गेलेला डॉक्टर बहुधा अशा घरातून आला होता जेथे ही आत्मकथने फार तर पुरस्कार मिळालेली पुस्तके म्हणून कपाटात होती. आपल्यावर आलेला प्रसंग ज्या भाषेत सांगता येईल ती भाषा आपल्याच उंबरठ्यापासून दूर ठेवलेल्यांची आहे, ही जाणीव सोपी नव्हती. त्यापेक्षा गप्प राहणे किंवा तेथील व्यवस्था गुणवत्ता ओळखते असे ठामपणे सांगत राहणे सोयीचे. या मौनातून एक विपरीत गोष्ट घडली. परदेशी व्यवसायातील भेदभाव सोसलेल्या माणसाचे नाव स्वदेशातील राखीव जागांविरोधी युक्तिवादात निखळ गुणवत्तेचा दाखला म्हणून वापरले जाऊ लागले. पार्ल्यातील दिवाणखान्यातला तो फोटो या युक्तिवादाचे मूक प्रमाणपत्र बनला. सेंट जॉर्जचा संगणकीय कार्यक्रम आणि आडनावावरून माणूस ओळखण्याची आपली सवय यांची तुलना मांडणारे मराठी लेखन झाले असते, तर ते त्या डॉक्टरांनीच सर्वांत अधिकाराने केले असते.

ही माणसे बोललीच नाहीत असेही नाही. पार्वती रघुराम, जोॲना बोर्नाट आणि लेरॉय हेन्री यांनी दक्षिण आशियाई वार्धक्यचिकित्सकांच्या मुलाखती घेऊन त्यांचा मौखिक इतिहास रचला. ज्युलियन सिम्प्सन यांनी २०१८ मध्ये कुटुंबवैद्यांविषयी ग्रंथ लिहून आरोग्यसेवेचे शिल्पकार म्हणून त्यांची नोंद केली. ती आत्मवृत्ते इंग्रजीत आहेत, प्रश्नकर्त्याने काढलेली आहेत आणि अभिलेखागारात आहेत. कोविडच्या साथीत २०२० च्या वसंतात ब्रिटनमध्ये मृत्यू पावलेले पहिले दहा डॉक्टर अल्पसंख्य वंशांतील होते, तेव्हा या पिढीचे चेहरे इंग्रजी वृत्तपत्रांत एकाच वेळी छापले गेले.

६

मराठी घरातून गेलेल्या अशा एका डॉक्टरचे समग्र कथन अखेर उपलब्ध आहे, आणि ते त्याच्या मुलाने इंग्रजीत लिहिले आहे. अतुल गवांदे यांचे वडील आत्माराम गवांदे हे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावच्या शेतकरी कुटुंबातील. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि ओहायोतील अथेन्स या छोट्या गावी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावले. २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथाचा जाहीर विषय वार्धक्य आणि मरण यांपुढे वैद्यकाची हतबलता हा आहे. परंतु त्याची रचना तीन पिढ्यांवर उभी आहे: शंभरी ओलांडूनही उटीत कुटुंबाच्या मध्यभागी जगलेले आजोबा सीताराम, पाठीच्या कण्यातील गाठीने हळूहळू शक्ती गमावणारे वडील, आणि शल्यचिकित्सक असूनही वडिलांशी काय बोलावे हे न कळणारा निवेदक. ‘संध्याछाया’ मध्ये जे दोन प्रदेश एकमेकांना दिसू शकले नाहीत ते येथे एका संहितेत आहेत. परदेशात मुरलेला डॉक्टर, त्याने मागे ठेवलेला वृद्ध पिता, त्याचे स्वतःचे म्हातारपण, आणि आता त्याची वाट पाहण्याऐवजी त्याच्या उशाशी बसलेला मुलगा.

गवांदे यांची निवेदनभूमी मात्र अमेरिकन आहे, हे विसरता येत नाही. उटीतील एकत्र कुटुंबाकडे ते ओढीने पाहतात, तसेच त्या व्यवस्थेतील सत्तासंबंधही ओळखतात. पण आजोबांच्या तोंडची भाषा त्यांच्या गद्यात ऐकू येत नाही. वडील उमरखेडला आपल्या आईच्या नावाने महाविद्यालय उभे करतात, त्यामागची मराठी मनोरचना, परत न जाता परतण्याची ही विशिष्ट रीत, इंग्रजी वाचकाला औदार्य म्हणून कळते. मराठी वाचकाला त्यात सेरामपूरच्या त्या कराराचा हप्ता फेडल्यासारखे वाटल्यावाचून राहत नाही. एब्राहम वर्गीज यांच्या ‘माय ओन कंट्री’ (१९९४) मध्ये टेनेसीतील छोट्या गावात एड्सच्या रुग्णांवर उपचार करणारा परका डॉक्टर स्वतःच बोलतो. तेथे काम हीच निवेदनाची जागा आहे. गवांदे यांच्याकडे ती जागा पुत्राची आहे. पित्याचा मराठी आवाज दोन्हीकडे नाही.

ग्रंथाच्या अखेरीस पुत्र वडिलांच्या अस्थी घेऊन वाराणसीला जातो. संस्काराचा भाग म्हणून गंगाजल प्राशन करावे लागते. डॉक्टर असल्याने त्याने प्रतिजैविके आधीच घेतलेली असतात, तरीही त्याला जंतुसंसर्ग होतोच. जो परतला नाही त्याच्या अस्थी अशा रीतीने परतल्या. जी परतली होती त्या आनंदीबाईंच्या अस्थींचा प्रवास उलट दिशेने झाला होता: गोपाळरावांनी त्या अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. तेथील दगडावर नावापुढे एम.डी. ही अक्षरे आहेत, आणि खाली, शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. पदवीपुढे कंस नाही.